डाव्या कुशीवरचा बाण

३ तारीख, मंगळवार

ही डायरी गेल्या वर्षीची. औषधाच्या दुकानदाराने दिली होती, कोरीच पडून होती. वार जुळत नाहीत, ते खोडून वर नवे लिहायचे, एवढंच. चांगला कागद रद्दीत कशाला घालायचा? घरखर्चाची वही माझी वेगळी आहे, पण तिच्यात हे असलं काही मांडता येत नाही.

आज दादाला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. दादा म्हणजे माझा थोरला, सव्वीस वर्षांचा. धाकटी बोलायला लागली आणि त्याला दादा म्हणू लागली, तेव्हापासून आम्हीही दादाच म्हणतो. अंगाने बापाएवढा झाला, समज चार-पाच वर्षांच्या मुलाची राहिली. शब्द मोजके. ‘आय’ म्हणजे मी, ‘बाब’ म्हणजे हे, ‘न्ना’ म्हणजे नको. बाकीचं सगळं मी ओळखते. भूक, झोप, राग, पोट बिघडलेलं. धाकटी सासरहून फोनवर चिडवते, “आई, दादाला शिंक येणार हे दादाच्या आधी तुला कळतं.” आता कळतं त्याला मी काय करू? जन्मापासून त्याची जीभ मीच.

वर्षभर त्याला थंडी वाजून ताप येत होता. औषध घेतलं की उतरायचा, महिन्या-दीड महिन्याने परत हजर. आता कारण सापडलं. डॉक्टरांनी उजेडाच्या पेटीवर फिल्म लावली आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. दोन मूत्रपिंडं. एक घेवड्याच्या दाण्यासारखं नेटकं. दुसरं म्हणजे नुसती पाण्याने फुगलेली पिशवी. “हिची नळी जन्मापासून अरुंद,” ते म्हणाले. “लघवी तुंबत गेली आणि आतला गर झिजून गेला. काम शून्य, नुसता पू धरते. कॅन्सर-बिन्सर काही नाही, घाबरू नका. पण ही काढायला हवी, नाहीतर एक दिवस हा ताप जिवावर बेतेल.”

मी नीट बघून घेतलं. बिघडलेली उजवीकडे, चांगली डावीकडे. असल्या गोष्टी मी विसरत नाही. मॅट्रिकला भूमितीत मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते.

पोट फाडायचं नाही म्हणाले. दुर्बिणीने करायचं. कुशीत तीन छोटी भोकं, एकातून दुर्बीण, दोनांतून अवजारं. ह्यांनी विचारलं, “एवढ्याशा भोकातून एवढी थोरली पिशवी यायची कशी?” डॉक्टर हसले. “आधी तिच्यातलं पाणी ओढून घेतो, काका. मग ती ओल्या फडक्यासारखी गोळा होते.” मात्र सारखा ताप येऊन ती आजूबाजूला चिकटली असेल, तर ऐन वेळी पोट उघडावं लागेल, तशी सही द्या म्हणाले. ह्यांनी दिली.

निघताना मी विचारलं, “एकीवर भागतं का हो माणसाचं?”

“आयुष्यभर भागतं. ती एक चांगली हवी. याची उत्तम आहे. तीच आता जपायची.”

घरी येऊन देवापुढे दिवा लावला. दादा सुखरूप घरी येईस्तोवर चहात साखर घालणार नाही असं बोलले. हे म्हणाले, “देवाला साखरेचं काय करायचंय?” असल्या वेळी ह्यांच्याशी बोलू नये.

६ तारीख, शुक्रवार

परत ताप. हुडहुडी भरली की दादा पलंगासकट हलतो. गोळी दिली, अंगावर दोन पांघरुणं घातली. ह्यांनी शेकाची पिशवी गरम पाण्याने भरून आणली आणि लावली ती डाव्या कुशीला.

“अहो, उजवी आहे,” मी म्हटलं.

“तो हात डावीकडे नेतोय.”

“त्याला काय कळतंय? फिल्म मी बघितली आहे.”

मी पिशवी उजवीकडे सरकवली. दादाने ती ओढून पुन्हा डावीकडे घेतली. मी पुन्हा सरकवली. तीन वेळा हाच खेळ. शेवटी थकून झोपला, पिशवी डावीकडेच. हट्ट म्हणजे हट्ट. बापाचा घेतलाय.

८ तारीख, रविवार

ताप नाही. हे दादाला आपल्याबरोबर गोदामात घेऊन गेले. ह्यांचं काम पार्सल बांधणीचं, हाताखाली चार माणसं. रविवारी मालक नसतात, म्हणून दादाला नेता येतं. तिथे त्याला एकच काम असतं, खोक्यांवर बाणाची चिठ्ठी चिकटवायची. ही बाजू वर, जपून धरा, असं सांगणारा तांबडा बाण.

संध्याकाळी दोघे आले ते डिंकाने माखून. दादाच्या दोन्ही हातांवर पेनाने बाण काढलेले. त्याला तो नादच आहे. पेन दिसलं की हातावर, मांडीवर, भिंतीवर बाण. मी घासघासून काढते आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

हे म्हणाले, “साहेबांचा एक बाण चुकत नाही हो. खोकं एकदा थोपटून दाखवलं की झालं. मग कसंही उलटंपालटं ठेवा, बरोबर त्याच बाजूला लावणार.” हे त्याला साहेब म्हणतात.

बापाला आपलं पोर गुणी वाटायचंच. मी म्हटलं, “साहेबांना आधी हात धुवायला सांगा.”

१२ तारीख, गुरुवार

आज ऑपरेशन व्हायचं होतं. काल दाखल केलं, रात्री ताप भरला, सकाळी डॉक्टरांनी परत पाठवलं. तापात करता येत नाही. पुढच्या आठवड्याची तारीख दिली. पहिली तारीख सोमवारची होती, तीही हुकली, मोठ्या डॉक्टरांना कुठल्यातरी तातडीच्या रुग्णाकडे जावं लागलं म्हणून. आता तिसरी हुकली तर मी काय करीन, मला माहीत नाही. दर तापाला वाटतं, हाच तो.

शेजारीण भेटायला आली आणि तिच्या भाच्याची गोष्ट सांगून गेली. दुर्बिणीचंच ऑपरेशन, आणि तो दगावला. सांगून वर म्हणते, “तुम्ही मात्र धीर सोडू नका हं.” धीर होता कुठे सोडायला?

१७ तारीख, मंगळवार

दाखल झालो. दोन खाटांची खोली, दुसरी खाट रिकामी. दादाबरोबर मला राहू देतात, त्याला एकट्याला ठेवता येत नाही हे त्यांनाही पटलं. खोली साफ करणाऱ्या मावशी बोलक्या आहेत. दादाला काय झालंय विचारलं. मी सांगितलं, नळी अरुंद, लघवी तुंबते. तर म्हणतात, “म्हणजे आपलीच मोरी आणि मुतायची चोरी!” मला हसू आलं. किती दिवसांनी आलं. दादाही हसला, मी हसले म्हणून.

१८ तारीख, बुधवार

ताप नाही. देवाची कृपा. उद्या सकाळी पहिलाच नंबर.

तिन्हीसांजेला मी दादाचे कपडे धुऊन गच्चीवर वाळत घालायला गेले, तेवढ्यात मोठे डॉक्टर येऊन गेले म्हणे. मी परत आले तेव्हा जपाची वेळ टळत आली होती, म्हणून लगेच कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले आणि माळ घेतली. जपात मी बोलत नाही की कोणाचं ऐकत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी घरी जाताना हे माझ्या खांद्याशी वाकून काहीतरी सांगायला लागले. मी मान हलवली. ह्यांना नेमकं माळ हातात असतानाच सुचतं. काही महत्त्वाचं असतं तर थांबून पुन्हा सांगितलं असतं.

दादाला आता पाणीसुद्धा द्यायचं नाही. तो पेल्याकडे बोट दाखवतो आणि मी न्ना म्हणते. त्याचाच शब्द त्याला परत.

१९ तारीख, गुरुवार

दादाला आत नेलं. ऑपरेशनच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. हे खाली औषधांच्या खिडकीशी गेलेत. माळ काढली होती, पण मणी पुढे सरकत नाहीत. एक मणी धरला की कितवा ते आठवत नाही. लिहिणं निदान पुढे सरकतं.

सकाळी सिस्टर म्हणाल्या, साबण लावून स्वच्छ अंघोळ घाला. स्वच्छतेचं मला कोणी सांगायला नको. सदरा काढला तर डाव्या कुशीवर हा मोठा काळा बाण. सिस्टरांच्या टेबलावरचं जाड पेन कधी लांबवलं कोण जाणे. ऑपरेशनला चाललाय आणि अंगभर चित्रं. डॉक्टर म्हणतील, ह्या बाईला पोराला धुताही येत नाही. त्यातून हा बाण चांगल्या बाजूला. म्हणजे डॉक्टरांचा असायचा प्रश्नच नाही, दादाचाच उद्योग.

साबणाने निघेना. मग मला युक्ती सुचली. ह्यांच्या सदऱ्याच्या खिशाला शाई लागते ती मी स्पिरिटने काढते. खाटेजवळ स्पिरिटची बाटली होती, कापूस होता. दोन बोळ्यांत बाण साफ. पण दादाने काय थैमान घातलं! न्ना, न्ना करत माझं मनगट धरलं. मला वाटलं, स्पिरिट गार लागतं म्हणून. नंतर कपडे घातले तरी एक हात त्याच जागेवर ठेवून बसला होता. उपाशी पोटी थंडी जास्त वाजते.

मग सिस्टर कागद घेऊन आल्या आणि भराभर विचारत गेल्या. “दात खरे आहेत का? अंगावर काही धातूचं? डॉक्टरांनी काल खूण केली आहे ना?” मी हो, हो म्हणून गेले. त्या वळल्या आणि मग तो शब्द माझ्या डोक्यात शिरला. खूण? डॉक्टर काल येऊन गेले, म्हणजे उजवीकडे त्यांनी काहीतरी खूण केली असणार, आणि माझ्या घासण्यात तीही गेली असणार. सदरा उचलून पाहिलं. उजवीकडे काहीच नव्हतं.

सांगितलं असतं, तर डॉक्टर रागावले असते. कदाचित आजचं पुढे ढकललं असतं. तिसऱ्यांदा. रात्री पुन्हा ताप आला असता. चाकाची खाट दारात येऊन उभी होती. मी ह्या डायरीचंच पेन घेतलं आणि उजव्या कुशीवर एक बाण काढला, जसा खोक्यावर असतो तसा. नीट, ठसठशीत.

दादा मला काढू देईना. माझा हात धरून सारखा डावीकडे ओढत होता. पेन त्याच्या हातात दिलं तर तिकडेच नेलं. मी दटावलं, “दादा, आता खेळ नाही.” तो रडायला लागला. तोंड वासून, आवाज न करता रडतो तसा. मग माझ्याकडे बघेना. खाटेवरून नेताना मी केसांवरून हात फिरवला तर मान फिरवली.

देवा, एवढं निभावून ने. मला दुसरं काही नको.

हे आले. उरलेलं नंतर लिहीन.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सगळं लिहून ठेवते. कोणी वाचायला नाही, म्हणून तरी खरं लिहिते.

हे बाकावर बसले. औषधांची पिशवी मांडीवर. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी बाणाची गोष्ट सांगितली. दादाने पेन कसं लांबवलं, मी स्पिरिटने कसं काढलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

“कुठला बाण?”

“डावीकडचा. त्यानेच काढला होता.”

“अगं, तो डॉक्टरांनी काढला होता. माझ्यासमोर. तुला सांगितलं ना मी, डावीकडे खूण केली आहे, उद्या अंघोळीत पुसू नको. तू मान हलवलीस.”

मी म्हटलं, “डावी तर चांगली.”

“डावीच खराब आहे. कागदावर लिहिलंय. डॉक्टर बोलले माझ्याशी.”

“फिल्मवर उजवीकडे होती. मी बघितली.” आणि मग उजवीकडचा बाण सांगितला. तो तर सांगायलाच हवा होता.

ह्यांची पिशवी खाली पडली. हे आयुष्यात कधी मोठ्याने बोललेले मी ऐकलं नाही. आज त्या दारावर दोन्ही तळहातांनी थापा मारल्या. एक वॉर्डबॉय आला, म्हणाला, बाहेर थांबा. हे म्हणाले, “डावी. डॉक्टरांना सांगा डावी. खूण चुकलीय.” तो म्हणाला, “आत सगळं तपासतात काका, शांत बसा.” आणि दार लावलं. तेवढ्यात मावशी बादली घेऊन तिथून निघाल्या होत्या. मी त्यांचा पदर धरला. खरंच धरला. “मावशी, डावी म्हणून सांगा. माझ्या पोराची चांगली काढतील हो.” त्या बादली तिथेच ठेवून आत गेल्या.

आणि आल्याच नाहीत.

ते दार नुसतं पांढरं होतं. वर तांबडा दिवा. दिव्याखालच्या काचेतून फक्त समोरच्या भिंतीचा तुकडा दिसत होता. त्या दारापलीकडे माझं पोर उताणं पडलेलं, ज्याला ‘ही नव्हे, ती’ म्हणायला शब्द नाहीत. त्याची जीभ मी. आणि जीभच खोटं बोलून बाहेर येऊन बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा देवाचं नाव घेता आलं नाही. काय तोंडाने घेऊ? ज्या जपात हे मला सांगत होते, तोच जप परत करू?

हे माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दाराला पाठ लावून खाली जमिनीवर बसले आणि आपलेच तळहात बघत राहिले.

मग दार उघडलं आणि मोठे डॉक्टर स्वतः बाहेर आले, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढून.

“तो पेनचा बाण कोणी काढला?”

“मी,” मी म्हटलं.

“अजून हात लावलेला नाही. तुमचा मुलगा जागा आहे.” हे त्यांनी आधी सांगितलं, त्याबद्दल मी त्यांना जन्मभर दुवा देईन. मग मात्र बोलले, आणि बोलले ते रास्तच होतं. “काल मी जी खूण केली ती पुसली गेली, तर सिस्टरला सांगायचं. स्वतः काढायची नाही. तुम्हाला कळतंय का काय झालं असतं?”

“कळतंय.”

“आम्ही एकट्या खुणेवर काही करत नाही. कागद, फिल्म, खूण, तिन्ही जुळावी लागतात. आज कागद डावी म्हणतोय, फिल्म डावी म्हणते, खूण उजवीकडे. म्हणून सगळं थांबवलं.”

“फिल्मवर उजवीकडे होती,” मी पुन्हा म्हटलं. निलाजरी आहे मी, पण मला समजूनच घ्यायचं होतं.

डॉक्टरांचा आवाज खाली आला. “फिल्म म्हणजे माणूस तुमच्यासमोर तोंड करून उभा आहे, असं समजायचं. त्याची डावी तुमच्या उजव्या हाताला येते.”

सव्वीस वर्षं मी दादासमोर उभी राहून त्याच्या सदऱ्याची बटणं लावते. खिसा त्याच्या डावीकडे, माझ्या उजव्या हाताला. रोज त्या खिशात रुमाल घालते. आणि फिल्म बघताना भूमिती आठवली, खिसा नाही आठवला.

जाता जाता डॉक्टर वळले. “आणखी एक सांगतो. आम्ही त्याच्या अंगावरचं पांघरूण काढलं तेव्हा तो बोटाला थुंकी लावून तुमचा बाण पुसत होता. अर्धा पुसलाही होता. आमच्या भूलतज्ज्ञ बाईंचा हात धरून सारखा डावीकडे नेत होता. आम्ही कागदाकडे बघायच्या आधी त्यानेच सांगितलं.”

“त्याला बोलता येत नाही हो,” मी म्हटलं. सवयीने म्हटलं.

डॉक्टर आत गेले. आत पुन्हा सोनोग्राफी करून बाजू पक्की केली, मग सुरुवात झाली, असं मावशींनी बाहेर येऊन सांगितलं. बादली उचलताना म्हणाल्या, “रडा आता. मघाशी रडायला वेळ नव्हता.”

त्यानंतरचा वेळ कसा गेला, लिहिता येत नाही. पिशवी सगळीकडून चिकटली होती. पोट उघडावं लागेल की काय, असा एकदा निरोपही आला आणि ह्यांनी पुन्हा सही केली. शेवटी दुर्बिणीनेच निभावलं, एक भोक तेवढं थोडं वाढवलं. डॉक्टरांनी ती स्टीलच्या ताटलीत आणून दाखवली. फिकट, सुरकुतलेली, रिकामी. एवढ्याशा त्या चिंधीपायी.

२० तारीख, शुक्रवार

दादा शुद्धीवर आहे. कुशीत एक नळी, लघवीला एक नळी, हाताला सलाईन. नळ्या उपटू नये म्हणून हे त्याचा हात धरून बसलेत. मी पाणी द्यायला वाकले, तर त्याने दुसरा हात पटकन कुशीवर झाकून घेतला. माझ्यापासून.

ह्यांच्याकडून पाणी प्यायला. मी बाजूच्या रिकाम्या खाटेवर बसून राहिले. सिस्टर म्हणाल्या, “आई, तुम्ही झोपा थोडं.” झोपून काय करू?

धाकटीचा फोन आला. “दादा कसा आहे, सांग.” मी तोंड उघडलं आणि काय सांगू कळेना. ह्यांच्या हातात फोन दिला.

२१ तारीख, शनिवार

सकाळपासून दादा कण्हतोय. हे चहा प्यायला गेले होते, खोलीत आम्ही दोघंच. हात सारखा उजव्या खांद्यावर नेतो. जखम डाव्या कुशीत, दुखतंय खांद्याला? माझ्या तोंडावर आलं होतं, अवघडला असशील रे, एका अंगावर झोपून झोपून. उशी सरकवायला उठलेसुद्धा.

मग बसले. खाटेच्या पायथ्याशी, त्याला मी दिसेन पण माझा हात पोचणार नाही अशी. म्हटलं, “दादा, कुठे दुखतं? तू दाखव.”

तो बघत राहिला. आजवर हे मी त्याला विचारलंच नव्हतं बहुतेक. विचारायची गरजच पडली नव्हती, मला कळत होतं ना सगळं. मी नुसती बसून राहिले. फार अवघड असतं ते. मग त्याने खांद्यावर बोट ठेवलं. एकच बोट, नेमक्या जागी, आणि माझ्याकडे बघितलं.

मी सिस्टरना जाऊन सांगितलं, “तो म्हणतोय खांदा दुखतोय.” मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, “हो, दुखणारच. पोटात गॅस भरून करतात ना, तो वर जाऊन खांद्याला टोचतो. बरं झालं सांगितलं.” औषध दिलं. तासाभरात कण्हणं थांबलं.

तो म्हणतोय, असं मी म्हटलं. लिहिताना आत्ता लक्षात आलं.

२४ तारीख, मंगळवार

घरी आलो. डॉक्टरांनी निघताना परत बजावलं, एकच आहे, जपा. ताप आला, लघवी कमी झाली, तर लगेच यायचं. मी सगळं ऐकलं आणि मग ह्यांना म्हटलं, “तुम्ही परत सांगा, डॉक्टर काय म्हणाले ते.” ह्यांनी सांगितलं. दोघांचं जुळलं.

चहात साखर घातली. गोड लागली नाही. सवय मोडली असेल.

ह्यांच्याशी त्या दिवसाबद्दल अजून बोलणं झालेलं नाही. आज दिवा लावताना मी म्हटलं, “तुम्ही तेव्हा हलवून सांगायचं होतं मला.” हे म्हणाले, “तुला जपातून उठवायची छाती कोणाची आहे?” चिडवत होते की खरंच, ते कळलं नाही. पण आज माळ घेतली ती दाराकडे तोंड करून.

मला रोज वाटतं, आम्ही दोघं नसताना याला कुठे दुखतं हे कोण विचारेल? देवाकडे उत्तर असलं, तर तो सांगत नाही.

३० तारीख, सोमवार

टाके सुकलेत. आजपासून अंघोळ घालायला परवानगी.

काल हे गोदामातून एक बाणाची चिठ्ठी घेऊन आले होते, साहेबांना बसल्या बसल्या करमावं म्हणून. सकाळी सदरा काढला तर ती चिठ्ठी त्याच्या अंगावर. उजव्या कुशीला, जिथे मी तो पेनचा बाण काढला होता, नेमकी तिथेच. जी उरली आहे तिच्यावर. तांबडा बाण, खाली छापलेलं, ‘जपून धरा’. त्याला वाचता येत नाही. बापाने काही दाखवलं असेल, किंवा नसेलही. मी ह्यांना विचारलं नाही.

पाणी गरम होतं, साबण हातात होता. अंगावर कागद चिकटवलेला, माझा हात आपोआप तिकडे गेला. दादाने माझ्या हाताकडे बघितलं.

मी म्हटलं, “काढू का रे?”

“न्ना.”

मी त्याच्या सगळ्या अंगाला साबण लावला. तेवढी जागा सोडून.